एका कपाची मैत्री

पंपघरात सगळे त्यांना कोंबडा आणि घुबड म्हणायचे, आणि ज्याने कुणी ही नावं ठेवली त्याने अगदी मापात ठेवली होती. कोंबड्याची कायम दिवसपाळी, घुबडाची कायम रातपाळी. एकाला उजाडायच्या आधी जाग आल्याशिवाय राहायची नाही, दुसऱ्याचे डोळे अंधार पडल्याशिवाय नीट उघडायचे नाहीत. साहेब बदलले, पंप बदलले, भिंतींचा रंग तर कितीदा बदलला, पण या दोघांच्या पाळ्या काही बदलल्या नाहीत. बदलायचं कुणी नावच काढलं नाही. दोघांनाही हवं ते मिळालं होतं, आणि असं नोकरीत कुणाचं होतं?

शहराचं सगळं पाणी त्या पंपघरातून जायचं. नदीतून ओढायचं आणि टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, एवढंच काम, पण ते क्षणभरही बंद पडून चालायचं नाही. पंप म्हणजे हत्ती नुसते. पायाखालची फरशी सतत थरथरायची, इतकी की टेबलावर ठेवलेला कप आपला आपण चालत कडेपर्यंत जायचा. नवीन माणसाचे पहिल्या आठवड्यात दोन-तीन कप तरी फुटायचेच. जुनी माणसं कप हातातच धरायची.

पाळी बदलायची एक रीत होती, जुन्या फोरमनने घालून दिलेली. जाणाऱ्याने आधी काय बिघडलंय ते सांगायचं, मग "बाकी सगळं ठीक" म्हणायचं, आणि मग "चार्ज दिला". येणाऱ्याने पंपावर तळहात ठेवायचा, थरथर नेहमीसारखी आहे ना ते बघायचं आणि म्हणायचं, "घेतला". एकदा "घेतला" म्हटलं की विषय संपला. जाणाऱ्याने सरळ घराची वाट धरायची आणि मागे वळून बघायचं नाही. येणाऱ्यानेही त्याच्याकडे बघत बसायचं नाही, समोरच्या काट्यांकडे बघायचं.

"मागे बघितलंस," फोरमन दरडावून सांगायचा, "म्हणजे दुसऱ्यावर तुझा भरवसा नाही. आणि भरवसा नसेल तर उद्यापासून दिवसरात्र तूच बस इथे!"

चार्ज देण्याघेण्याच्या आधी एक कप चहा व्हायचा, उभ्याउभ्या. कोंबडा आणि घुबडाची सगळी मैत्री त्या कपात मावलेली होती. कोंबड्याचं लग्न, त्याच्या मुलीची परीक्षा, घुबडाची आई गेली तेव्हाचं दुःख, घुबडाने लग्न केलं नाही त्याचं कारण (हे सांगायला त्याला बरेच कप लागले), गुडघेदुखी, साहेबाची नक्कल, सगळं सगळं. कप रिकामा झाला की एक जण घरी आणि दुसरा कामाला. दुसरा कप कधी झाला नाही. होणार कसा?

दोघं निवृत्त झाले तेही एकाच दिवशी. शेवटचा चहा पिताना घुबड म्हणाला, "कोंबड्या, जन्मभर ही नदी उपसली आपण. ती निघते कुठून, एकदा बघून येऊ या का? माझी फटफटी आहे. तंबू टाकायचा आणि काठाकाठाने वर वर जायचं."

"चल," कोंबडा म्हणाला. एवढा मोठा बेत, ठरला चहाच्या शेवटच्या घोटात!

घरी सांगितल्यावर कोंबड्याच्या बायकोने आधी डोक्याला हात लावला आणि मग मोजायची टेप काढली. तिचं शिवणाचं दुकान होतं, पडदे, खोळी, दुकानांची छतं असलं सगळं ती शिवायची. तंबू तिनेच शिवून दिला. आणि घुबड दिवसा मागे बसल्या बसल्या झोपणार आणि कुठल्यातरी वळणावर पडणार हे ओळखून तिने एक रुंद पट्टाही केला. मागच्याच्या पाठीवरून यायचा, पुढच्याच्या पोटावर बकल लागायचं.

"श्वास सोडा. पोट आत घेऊ नका, तिकडे कोण बघणार आहे तुम्हाला?" तोंडात टाचण्या धरून ती म्हणाली. "आणि मला एक सांगा, तुम्ही दोघं आयुष्यात बोललात किती? रोजचा एक कप! तुमची एका कपाची मैत्री आहे हो. दिवसभर एका सीटवर बसायचं म्हणजे खायचं काम नाही. तुमच्याबरोबर दिवसभर राहायचं म्हणजे काय असतं, ते मला विचारा!"

मुलगी खो-खो हसली. कोंबडाही हसला. पण ते वाक्य कुसळासारखं त्याच्या मनात घुसून बसलं. कारण त्याला दुसरा मित्रच नव्हता. होता तो हा एक घुबड. आणि त्या एका कपापलीकडे आपल्यात काहीच नाही असं या प्रवासात निघालं तर? मग परत येताना घरी काय आणायचं, नुसती धूळ?

पहिले दिवस मात्र झकास गेले. नदी कधी रस्त्याला चिकटून चालायची, कधी रुसल्यासारखी झाडीत गायब व्हायची आणि पुढच्या पुलाखाली हजर! शेतांचा ओला वास यायचा. उतारावर कोंबडा इंजिन बंद करून फटफटी नुसती सोडून द्यायचा आणि वाऱ्यात जोरजोरात गाणी म्हणायचा, एकही सूर जागेवर नसलेली. मागे घुबड पट्ट्यात गाढ झोपलेला. संध्याकाळी नदीकाठी तंबू लागायचा. घुबडाला तेव्हा तरतरी यायची, आणि कोंबडा ब्रेडचा शेवटचा तुकडा चावता चावताच पेंगायला लागायचा.

घुबड रात्रभर शेकोटीशी बसून राहायचा. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याचा इलाज नव्हता. पहाटे कोंबडा डोळे चोळत बाहेर आला की हा उभा राहून सांगायचा, "एक कोल्हा येऊन वास घेऊन गेला. डावीकडची दोरी सैल झाली होती, ताणलीय. बाकी सगळं ठीक. चार्ज दिला."

"घेतला," कोंबडा म्हणायचा आणि मग चहा ठेवायचा, इथे तेवढा क्रम उलटा. छोटंसं भांडं, बरोबर दोन कपांचं. तेवढा चहा होईपर्यंत दोघं असे बोलायचे, असे हसायचे, की काठावरचे बगळे उडून जायचे. मग कप रिकामा. घुबड तंबूत, कोंबडा आवराआवरीला.

पण बाकीचा दिवस? तिथेच तर सगळी पंचाईत होती. दुपारी झाडाखाली समोरासमोर बसले की दोघांच्या तोंडाला कुलूप.

"आज ऊन आहे," कोंबडा म्हणायचा.

"आहे."

"काल पण होतं."

"हं."

संपलं! कोंबडा मग फटफटीचा आरसा पुसत बसायचा, आधीच पुसलेला. बायकोचं वाक्य आठवायचं आणि तो आणखी जोरात घासायचा. आणि माणूस आतून घाबरलेला असला की चिडतो भलत्याच गोष्टीवर. कोंबडा अंड्यांवरून चिडला.

झालं असं, की उकडून ठेवलेली सगळी अंडी घुबडाने रात्री संपवली.

"अरे, सगळी?" पहाटे रिकामा डबा उलटा करून कोंबडा ओरडला. "आणि मी काय खाऊ, गवत?"

"रातपाळीच्या माणसाचं जेवण रात्रीच असतं. तू कोंबडा ना? दाणे टिप."

एरवी कोंबडा यावर पोट धरून हसला असता. त्या दिवशी तो भडकला. "मी दिवसभर गाडी हाकतो, आणि तू मागे पोत्यासारखा बांधून घेतोस! पोतं तरी बरं, घोरत नाही. सोबत म्हणून आलास ना? सोबत कुठाय?"

घुबडाने हातातला कप अर्धाच पिऊन खाली ठेवला. असं आजवर कधी झालं नव्हतं. मग त्याने किल्ली उचलली. "आज सकाळी मी चालवतो. पोतं तू हो."

निघाले. कोंबडा मागे, पट्ट्यात. दोघांच्याही माना दोन दिशांना. बऱ्याच वेळाने रस्त्याकडेला एक चहाची टपरी लागली, तोपर्यंत घुबडाचे डोळे मिटायला लागले होते. त्यात मागचा कॅरियर खडखडायला लागला. घुबडाने गाडी उभी केली, कॅरियरवरची अंथरुणाची वळकटी काढून मागच्या सीटवर उभी ठेवली आणि ती लवंडू नये म्हणून तिच्याभोवती पट्टा टाकला. मग पाना घेऊन बोल्ट आवळला. टपरीवरच्या बाईंनी दिलेला चहा दोघं प्यायले, उभ्याउभ्या, दोन टोकांना तोंड करून.

कप ठेवून घुबड म्हणाला, "कॅरियरचा बोल्ट आवळलाय. मागच्या चाकात हवा थोडी कमी आहे. बाकी सगळं ठीक. चार्ज दिला."

कोंबड्याने गरम इंजिनावर तळहात टेकला. "घेतला."

घुबड वळला. कोंबडाही वळला. हेल्मेट चढवलं, सीटवर बसला, पाठीला काहीतरी मऊ आणि भरदार लागलं. बसला वाटतं फुगून, कोंबड्याने मनात म्हटलं. पट्ट्याची दोन टोकं कमरेशी तयारच होती. त्याने बकल लावलं, खट्! आणि मागे न बघता निघाला. आयुष्यभराची सवय हो ती. चार्ज घेतल्यावर मागे बघतो कोण?

रस्ता छान होता. एका बाजूला नदी चमकत होती, दुसऱ्या बाजूला डोंगर जवळ यायला लागले होते. फटफटीने सूर धरला तसा कोंबड्याचा रागही हळूहळू उतरला. राग उतरला की याला बोलल्याशिवाय चैन पडायची नाही.

"ए घुबडा," तो वाऱ्यात ओरडला, "सकाळी जरा जास्तच बोललो मी. अंड्यांचं काय एवढं? पुढच्या गावात घेऊ."

मागून उत्तर नाही.

"चूक झाली म्हणतोय ना! अरे, राग अंड्यांचा नव्हताच. तुला खरं सांगू का? निघताना तुझी वहिनी म्हणाली, तुमची एका कपाची मैत्री. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. दुपारी तू गप्प बसतोस ना, तेव्हा वाटतं, झालं, आपल्याकडचं सगळं बोलणं संपलं. मग आता पुढे काय करायचं? मला कोण आहे दुसरं? सांग ना!"

तरी उत्तर नाही.

"रुसून बस, रुसून बस! माणूस माफी मागतोय आणि याचा आपला तोरा!" असं म्हणून त्याने पुन्हा भांडणही केलं, पुन्हा समजूतही काढली, फोरमनची एक जुनी गंमतही सांगितली आणि स्वतःच हसला. एवढं सगळं होईतो रेल्वेचं फाटक लागलं. शेजारी एक ट्रक येऊन थांबला. ट्रक ड्रायव्हर खिडकीतून वाकून बराच वेळ बघत राहिला.

"काका," शेवटी तो म्हणाला, "गादी फारच मन लावून ऐकतेय हो तुमचं."

कोंबड्याने मागे बघितलं. पट्ट्यात छान आवळून बसलेली वळकटी त्याच्याकडे बघत होती.

घाईघाईने खिशातून फोन काढून त्याने घुबडाला लावला. घंटी वाजली. वाजली ती कुठे, तर वळकटीच्या आत! पडू नये म्हणून घुबड फोन अंथरुणात गुंडाळून ठेवायचा. ट्रक ड्रायव्हर हसून हसून स्टिअरिंगवर आडवा झाला.

कोंबड्याने गाडी वळवली. येताना सुंदर वाटलेला रस्ता आता नुसता लांब वाटत होता. सकाळी पोतं म्हणालो आणि दुपारी टाकून आलो. कुणालाही वाटेल की मुद्दाम केलं! टपरीशी पोचला तर बाकडं रिकामं.

"अहो बाई, माझ्याबरोबरचे ते... उंच, डोळ्यांवर झोप असलेले?"

"ते? ते तर तुम्ही निघालात तेव्हाच निघाले," चहावाल्या बाई म्हणाल्या. "पण उलटे. सकाळी तुम्ही जिकडून आलात ना, त्या दिशेला. हातात तो पाना, मान खाली. मी हाक मारली, कुठे निघालात? तर म्हणाले, ड्यूटी संपली."

ड्यूटी संपली. कोंबडा मटकन बाकड्यावर बसला. म्हणजे घुबड घरी निघाला. चालत निघाला! इतका वैतागला आपल्याला. बायकोचं खरं झालं, कप संपला आणि माणूस गेला.

"बसताय काय?" बाई म्हणाल्या. "चालत गेलेत ते, विमानाने नाही. जा की!"

त्याला घुबड सापडला तो पहिल्याच पुलावर. कठड्यावर बसला होता, एक बूट काढलेला, हातात पाना, आणि नजर रस्त्याला लागलेली. फटफटीचा आवाज ऐकून तो धडपडत उठला. मग काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा बसला आणि नदीकडे बघायला लागला.

"अरे, निघालास कुठे असा?" कोंबड्याने इंजिन बंद करायच्या आधीच विचारलं.

"तू कुठे निघाला होतास? मला टाकून?"

"टाकून? मला वाटलं तू मागे बसलायस!"

"मी इथे. मग मागे कोण होतं?"

कोंबड्याने नुसतं बोट दाखवलं. वळकटी अजून पट्ट्यात होती, जराशी एका बाजूला झुकलेली, अगदी घुबड झोपल्यावर झुकायचा तशी. घुबड तिच्याकडे बघत राहिला. त्याचे खांदे आधी हलले आणि मग तो असा हसायला लागला, असा हसायला लागला, की त्याच्या हातातला पाना पडला. कोंबडाही कठड्याला धरून हसला. त्यांना बघून एक सायकलवाला थांबून उगाचच हसून गेला.

"पण तू चालत सुटलास का?" डोळे पुसत कोंबड्याने विचारलं. "वैतागलास ना माझ्यावर?"

"नाही रे. चार्ज दिला की माझे पाय घरी निघतात. ते रिटायर झालेत हे त्यांना कुणी सांगितलंच नाही! इथपर्यंत आलो तेव्हा समोर पूल बघितला आणि जागा झालो. पंपघरातून घरी जाताना कुठे पूल लागायचा? वळून बघतो तर तू नाहीस. म्हटलं, पोतं जड झालं, उतरवून गेला."

कोंबडा त्याच्या शेजारी कठड्यावर बसला. "मी त्या वळकटीची माफीसुद्धा मागितली. सगळं बोललो."

"मग आता मला सांग."

"पुन्हा? तिलाच विचार."

पण सांगितलं त्याने. बायकोचं वाक्य, जिवाला लागलेला घोर, दुपारचं ते ऊन आहे आणि काल पण होतं, सगळं. घुबड बूट हातात धरून ऐकत राहिला.

"वहिनींचं खरं आहे," तो म्हणाला. "एकच कप होता. पण तो कप कसा व्हायचा, तुला माहितीय? रात्रभर पंपघरात मी एकटा. पंपांभोवती फिरता फिरता मी जुळवणी करत असायचो, उद्या कोंबड्याला काय सांगायचं. कुठली गंमत आधी, कुठली नंतर, तू कुठे हसशील. कधीकधी मोठ्याने बोलून बघायचो. रात्रभराची तयारी असायची माझी त्या एका कपामागे."

"काय सांगतोस!"

"आता तू दिवसभर समोर. मी तयारी करायची कधी?" घुबड खरोखरच गाऱ्हाणं सांगावं तसा म्हणाला. "तू दुपारी 'ऊन आहे' म्हणतोस. त्याला मी आयत्या वेळी काय उत्तर देऊ?"

कोंबडा इतक्या वर्षांत एकदाही काही ठरवून बोलला नव्हता. तोंडात येईल ते बोलायचा आणि घुबड मात्र रोज काहीतरी भारी सांगायचा, आणि त्याला वाटायचं, हा जन्मजातच गमत्या आहे!

"मग असं कर," कोंबडा म्हणाला, "दुपारी तू गप्प बसून तयारी कर. मी गप्प बसून आरसा पुसतो. मला चालेल."

"आणि झोप आली तर?"

"झोप. पण बसताना माझ्या पाठीवर एक चापट मारायची. वळकटीला ते जमत नाही."

पुढचा प्रवास मजेत झाला. दोघं तासन् तास बोलले नाहीत आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. कोंबड्याच्या बायकोचा फोन आला.

"भांडलात का?"

"एकदा."

"एकदाच? मग जमतंय की!" ती म्हणाली. "पट्टा कसा आहे?"

"एकदम मजबूत. माणूस नसला तरी धरून ठेवतो," कोंबडा म्हणाला, आणि मागे घुबडाला हसू आवरेना.

नदी बारीक होत गेली. आधी पूल लहान झाले, मग पुलाऐवजी पाण्यात टाकलेल्या नुसत्या फरश्या आल्या, मग फटफटी पाण्यातूनच न्यायला लागली. शेवटी रस्ता संपला आणि पायवाट एका खडकापाशी जाऊन थांबली. खडकाच्या भेगेतून करंगळीएवढी धार पडत होती. बास. एवढंच.

"ही?" कोंबडा ओरडला. "आमच्या बाथरूमचा नळ याच्यापेक्षा जोरात येतो!"

"तुमच्या बाथरूमच्या नळाला मीच तर पाणी पाठवायचो," घुबड म्हणाला.

तिथेच तंबू टाकला. पहाटे कोंबडा बाहेर आला तेव्हा धुकं खाली दरीत उतरत होतं. घुबड शेकोटीपासून उठून उभा राहिला.

"एक वासरू पाणी प्यायला आलं होतं. मला बघून लाजलं, पण प्यायलं. धार चालू आहे. बाकी सगळं ठीक. चार्ज दिला."

कोंबडा वाकला आणि त्याने धारेशेजारच्या ओल्या खडकावर तळहात ठेवला. थरथर होती, अगदी बारीक, पण होती. "घेतला."

चहा झाला. घुबडाने रात्रभर तयारी केली होती हे उघड होतं, कारण कोंबडा इतका हसला की त्याच्या कपातला निम्मा चहा सांडला. कप रिकामे झाले. घुबड सवयीने उठला, तंबूच्या तोंडापर्यंत गेला, तिथे थबकला आणि त्याने मागे वळून बघितलं.

"काय रे," कोंबडा म्हणाला, "भरवसा नाही?"

"भरवसा आहे. चहा आहे का अजून?"

"भांडं दोनच कपांचं आहे. नवा करावा लागेल."

"कर मग." घुबड परत येऊन दगडावर बसला, पाय पसरून. "मला कुठे घरी जायचंय?"

कोंबड्याने भांडं विसळलं आणि खडकाच्या धारेखाली धरलं. भरायला वेळ लागत होता. जन्मभर हत्तीएवढ्या पंपांनी पाणी ढकललेला माणूस करंगळीएवढ्या धारेपुढे भांडं धरून उभा होता, आणि त्याला कसलीही घाई नव्हती.